खालच्या कोलिमाची गाडीची कुत्री : एका जातीच्या बचावाचे प्रकरण

रशियातील साखा प्रजासत्ताकाच्या, म्हणजे याकुतियाच्या, ईशान्य टोकाला नीज्नेकोलीम्स्क जिल्हा आहे. चेर्स्की हे मुख्य ठिकाण, आणि पोखोद्स्क, कोलीम्स्कोये, आंद्र्युश्किनो ही मोजकी गावे. कोलिमा नदी इथूनच आर्क्टिक समुद्राला मिळते. युकागीर, एव्हेन, चुकची, साखा आणि काही शतकांपूर्वी येऊन मासेमारीवर स्थिरावलेले रशियन अशी मिश्र वस्ती आहे. या सगळ्यांच्या दारात बर्फावर घसरणारी गाडी ओढणारे कुत्रे असे आणि जमात बदलली म्हणून कुत्रा बदलत नसे. दाट दुपदरी केसांचा, उभ्या कानांचा, पाठीवर वळलेल्या शेपटीचा, बहुधा पांढऱ्यावर काळे किंवा करडे ठिपके असलेला हा कुत्रा आज ‘याकूत लायका’ नावाने ओळखला जातो.

१९९०च्या दशकाच्या अखेरीस त्याची अवस्था अशी होती की जुन्या ठेवणीची, काम करणारी कुत्री दुर्गम वाड्यांवर विखरून उरली होती. गेर्मान अर्बुगायेव्ह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती शोधून पैदास सुरू केली. २००५ मध्ये रशियन किनॉलॉजिकल फेडरेशनने, म्हणजे तिथल्या श्वान महासंघाने, जातीचे मानक मंजूर केले आणि २०१९ मध्ये आंतरराष्ट्रीय श्वान महासंघाने, म्हणजे एफसीआयने, ३६५ क्रमांक देऊन तात्पुरती मान्यता दिली. मानकानुसार नराची उंची ५५ ते ५९ सेंटीमीटर आणि मादीची ५३ ते ५७. कागदावर पाहिले तर प्रकरण यशस्वी आहे आणि त्या यशाचे मोल मोठे आहे, कारण ही धडपड झाली नसती तर आज चर्चा करायला कुत्राच उरला नसता. पण जात वाचणे आणि जातीचे नाव वाचणे यांत अंतर असते. ते अंतर कुठे पडते आणि ते कसे भरायचे, याचा हा अभ्यास आहे.

किती जुना वारसा

कोलिमाच्या मुखापासून वायव्येला, न्यू सायबेरियन द्वीपसमूहात झोखोव्ह नावाचे छोटे बेट आहे. पुरातत्त्वज्ञ व्लादिमिर पितुल्को यांच्या उत्खननात तिथे सुमारे ९,००० वर्षांपूर्वीच्या शिकाऱ्यांची वस्ती सापडली. त्यात गाड्यांचे लाकडी भाग होते आणि कुत्र्यांची हाडेही होती. हाडांवरून बहुतेक कुत्र्यांचे वजन १६ ते २५ किलोच्या आसपास निघाले. गाडी ओढायला हे माप नेमके पडते. कुत्रा त्याहून हलका असेल तर ताकद अपुरी पडते आणि फार जड असेल तर धावताना अंगातली उष्णता बाहेर टाकता येत नाही. त्याच वस्तीत सापडलेला ऑब्सिडियन दगड, म्हणजे हत्यारांसाठी वापरली जाणारी ज्वालामुखीची काच, पूर्वेकडच्या चुकोत्कातील क्रास्नोये सरोवराचा होता, म्हणजे सरळ रेषेत सुमारे १,५०० किलोमीटरवरचा. २०२० मध्ये झोखोव्हच्या सुमारे ९,५०० वर्षे जुन्या एका कुत्र्याचा संपूर्ण जनुकसंच प्रसिद्ध झाला आणि आजच्या आर्क्टिक गाडीकुत्र्यांशी, विशेषतः ग्रीनलँडच्या कुत्र्यांशी, त्याचे जवळचे नाते दिसले. पुण्या-मुंबईच्या फ्लॅटमध्ये वातानुकूलन लावून ठेवलेली सायबेरियन हस्कीदेखील याच मोठ्या कुळातली. शेजारच्या चुकोत्का-अनादिर भागातून १९०८ पासून अलास्कात नेलेल्या कुत्र्यांपासून ती घडवली गेली.

जात कशी ओसरली

या कुत्र्याचे अर्थशास्त्र माशांवर उभे होते. रशियन नौदल अधिकारी फर्दिनांद व्रांगेल यांनी १८२० ते १८२४ या काळात नीज्नेकोलीम्स्कला तळ ठेवून किनाऱ्याची मोजणी केली. त्यांनी नोंदवलेला हिवाळी शिधा म्हणजे कुत्र्यामागे दिवसाला दहा ‘हेरिंग’. कोलिमावर ज्याला हेरिंग म्हणत तो खरे तर र्यापुश्का, नदीत झुंडीने चढणारा छोटा पांढरा मासा. एका गाडीला बारा कुत्री धरली तर दिवसाला १२० मासे झाले. हिवाळ्याचे आठ महिने धरले तर एका घराला केवळ कुत्र्यांसाठी २८,८०० मासे साठवावे लागत. म्हणजे उन्हाळ्यातली कितीतरी मेहनत कुत्र्यांच्या पोटासाठीच होती. हा खर्च लोक करत, कारण कुत्र्यांशिवाय जळण, पाणी, मासे, सापळ्यांची फेरी यातले काहीच होत नसे.

सोव्हिएत काळात दोन्ही बाजूंनी हे गणित मोडले. मासेमारी सामूहिक संस्थांकडे गेली आणि मासे शासनाला द्यावयाचा माल झाला. लांबचा प्रवास विमान आणि हेलिकॉप्टरने होऊ लागला. १९७१ पासून रिबिन्स्कच्या कारखान्यातून ‘बुरान’ स्नोमोबाइल मोठ्या संख्येने निघू लागली. यंत्र उभे असताना इंधन खात नाही. कुत्रा मात्र बांधलेला असला तरी रोज खातो. ज्याच्याकडे पेट्रोल पोहोचते त्याने कुत्री कमी केली, यात त्याचा दोष नाही. त्याच सुमारास वस्त्यांत दक्षिणेकडून आणलेली मेंढपाळी आणि इतर जातींची कुत्री शिरली आणि उरलेल्यांत संकर सुरू झाला.

सरकारी कुत्राशास्त्राचे लक्षही इकडे नव्हते. विसाव्या शतकाच्या मध्याला शिकारी लायकांच्या, म्हणजे उत्तरेकडच्या उभ्या कानांच्या कुत्र्यांच्या, अनेक स्थानिक प्रकारांना चार जातींत गोळा करण्यात आले : रशियन-युरोपीय, पश्चिम सायबेरियन, पूर्व सायबेरियन आणि कारेलो-फिनिश. प्रिन्स आंद्रेई शिरिन्स्की-शिख्मातोव्ह यांनी १८९५ मध्ये उत्तरेच्या लायकांचा जो सचित्र संग्रह काढला, त्यात जमातीगणिक वेगळी कुत्री दिसतात. त्यातली बरीच विविधता या चार चौकटींत विरघळली. गाडीच्या कुत्र्याला तर तेवढीही चौकट मिळाली नाही. मिळाली असती तर वाचलाच असता असे मात्र मानू नये.

मूळ व्यवस्था : थोडे नर, पण प्रत्येक वाडीचे वेगळे

या प्रकरणाचा गाभा इथे आहे. ईशान्य सायबेरियात गाडीचे बहुतेक नर खच्ची केले जात. खच्ची नर भांडत नाही, अंगावर चरबी टिकवतो आणि माजावर आलेल्या मादीमागे गाडी सोडून धावत नाही. पैदाशीला एखाद-दुसराच नर राखला जाई, आणि तोही कामात पारखून. वाडीपुरते पाहिले तर हे कडक अंतःप्रजनन, म्हणजे नात्यातल्या नात्यात पैदास, वाटते. पण अशा वाड्या शेकडो होत्या आणि प्रत्येकीचा राखलेला नर वेगळा होता. लग्नात, व्यापारात, उपासमारीच्या वर्षी कुत्री एका नदीवरून दुसरीकडे जात. प्रत्येक वाडीत निवड कडक आणि एकूण साठा मोठा, असा दुहेरी लाभ त्यातून होई.

वाड्या संपल्या की हीच पद्धत घातक ठरते. चार-पाच चांगल्या नरांवर सारे पैदास-केंद्र चालू लागते आणि तिथे चुकलेले गणित भरून निघत नाही. आकडे मांडून पाहावेत. पैदाशीचे नर ‘न’ आणि माद्या ‘म’ असतील तर परिणामकारक संख्या, म्हणजे आनुवंशिक विविधतेच्या हिशेबात कळप खरोखर किती मोठा ठरतो तो आकडा, ४ × न × म ÷ (न + म) इतकी येते. चार नर आणि चाळीस माद्या असतील तर ही संख्या सुमारे १४.५ येते आणि दर पिढीला अंतःप्रजनन सुमारे ३.४ टक्के वाढते. माद्या दुप्पट करून ऐंशी केल्या तरी संख्या जेमतेम १५.२ होते. उलट माद्या चाळीसच ठेवून नर वीस केले तर ती ५३ वर जाते आणि दर पिढीची वाढ एका टक्क्याच्या आत येते. पशुधनासाठी ५० ही किमान मर्यादा सहसा मानली जाते.

कुत्र्याची पिढी चार वर्षांची धरली तर पहिल्या मांडणीत वीस वर्षांनी सरासरी अंतःप्रजनन सुमारे १६ टक्के होते. सावत्र बहीण-भावाच्या जोडीतून झालेल्या पिल्लाचे १२.५ टक्के असते, हे लक्षात घेतले की धोका किती जवळ आहे ते कळते. परिणाम एकदम दिसत नाहीत. आधी वेतातली पिल्ले कमी होतात, मग माद्या रिकाम्या राहू लागतात, मग एखादा डोळ्यांचा किंवा सांध्यांचा विकार सगळ्या नातलगांत एकाच वेळी उमटतो. तोवर त्या विकारापासून मुक्त असलेला नर उरलेला नसतो.

म्हणून बचावाच्या कामात पहिला पैसा माद्यांवर किंवा पिंजऱ्यांवर न घालता नरांवर घालावा, असे आमचे ठाम मत आहे. प्रत्येक नव्याने सापडलेल्या, नाते नसलेल्या नराला किमान दोन वेगळ्या माद्यांपासून पिल्ले मिळेपर्यंत खच्ची करू नये, मग तो दिसायला साधारण का असेना. आणि गाजलेल्या नराला थांबवावे. एका नराची पिल्ले एकूण साठ्याच्या पाच टक्क्यांवर जाऊ देऊ नयेत. पदक मिळालेल्या नराकडे सगळे धावतात आणि त्याच धावेत बाकीच्या वंशओळी संपतात.

पाच ठिकाणी कुत्री असतील तर फिरती पद्धत सोपी पडते. पहिल्या ठिकाणचे नर दुसऱ्याकडे, दुसऱ्याचे तिसऱ्याकडे, असे पाचव्याचे पहिल्याकडे, दर पिढीला आणि नेहमी त्याच दिशेने. माद्या जागच्या जागी राहतात. यासाठी संगणक लागत नाही, फक्त कोणाचा नर कुठे गेला याची वही लागते. चूक बहुधा एकाच ठिकाणी होते. एखाद्याला पाठवलेला नर आवडत नाही आणि तो घरचाच वापरतो. हे रोखायला पर्यवेक्षक नेमण्यापेक्षा दोन नर पाठवून निवड त्याच्यावर सोडावी. स्वतः निवडलेला नर माणूस वापरतो.

नोंद कशी करावी

वस्तीतला कुत्रा ‘जुना’ आहे की संकरित, हे नुसते पाहून ठरवता येत नाही. दिसण्यात शंभर नंबरी असलेल्या कुत्र्याच्या दोन पिढ्यांमागे मेंढपाळी रक्त असू शकते आणि एकरंगी करडा कुत्रा अस्सल असू शकतो. म्हणून तीन गोष्टी जोडून पाहाव्यात : मालकाची माहिती, काम आणि डीएनए.

माहिती विचारताना ‘जात कोणती’ हा प्रश्न निरुपयोगी आहे. आई कोणाची, बाप कोणाचा, आजी कोणत्या वाडीवरून आली हे विचारावे आणि तेच दुसऱ्या घरी पडताळावे. ओळख पक्की राहण्यासाठी पंधरा आकडी मायक्रोचिप बसवावी. त्यासाठी मानेच्या डाव्या बाजूची जागा सर्वत्र एकच ठरवावी, नाहीतर दाट केसांत रीडर फिरवून चिप सापडत नाही. रक्त घ्यायचे तर रक्त गोठू न देणाऱ्या ईडीटीए नळीत तीन-चार मिलिलिटर पुरते. गालाच्या आतून बोळा फिरवणे सोपे, पण दूध पिणाऱ्या पिल्लाचा बोळा घेऊ नये, कारण आईच्या पेशी त्यात मिसळून येतात आणि निकाल गोंधळाचा निघतो. मासे खाल्ल्यावरही तासभर थांबावे.

जातीची नोंदवही बंद करण्याची, म्हणजे न नोंदलेल्या आई-बापांच्या कुत्र्यांना दार लावण्याची, घाई हा या टप्प्यावरचा सर्वांत मोठा धोका आहे. मान्यता मिळाली की वही बंद करून ‘शुद्धता’ राखण्याचा मोह होतो. पण दुर्गम वाडीवर अजून एखादी न नोंदलेली मादी असते आणि तिच्यात अशी ओळ असते जी केंद्रात कुणाकडेच नाही. अशा कुत्र्याला तपासून आत घेण्याची वाट निदान पुढची काही दशके खुली राहिली पाहिजे.

रंगाचेही तेच. मानकात पांढरा किंवा ठिपक्यांचा दुरंगी-तिरंगी कुत्रा बसतो, आणि डोळे तपकिरी, निळे किंवा एकेक वेगळा असला तरी चालते. बाजारात मात्र निळ्या डोळ्यांच्या, ठसठशीत ठिपक्यांच्या पिल्लाला जास्त भाव येतो आणि शहरातला पैदासकार त्याच बाजूला झुकतो. गाडी ओढण्याशी डोळ्याच्या रंगाचा काही संबंध नाही. वाडीवरचा माणूस मजबूत पंजे, बोटांमध्ये केस, रुंद छाती, खाणे पटकन संपवणारी भूक आणि वारा सुटल्यावर न थांबणारा स्वभाव पाहून पिल्लू राखतो. या पाच गोष्टींतली एकही छायाचित्रावरून कळत नाही.

खाणे

आर्क्टिक गाडीकुत्र्यांत पिष्ट पचवणाऱ्या एएमवायटूबी जनुकाच्या प्रती शेतकरी समाजांत वाढलेल्या कुत्र्यांपेक्षा थोड्या असतात, तर चरबीच्या पचनाशी निगडित जनुकांवर निवडीच्या खुणा दिसतात. हजारो वर्षे मासा, सील आणि रेनडिअर खाऊन ही ठेवण झाली. धान्याचे स्वस्त कोरडे खाद्य दिले की हगवण, निस्तेज केस आणि कामात दम न टिकणे ही लक्षणे दिसतात. नातलग असलेल्या हस्की आणि मॅलम्यूटमध्ये जस्त शोषणातला दोष आणि त्यामुळे डोळ्या-तोंडाभोवती खपल्या धरणारा त्वचारोग परिचित आहे. धान्यातले फायटेट नावाचे द्रव्य जस्ताला आणखी अडवते. म्हणून शहरात नेलेल्या कुत्र्याच्या तोंडाभोवती खपल्या दिसल्या तर आधी खाद्य तपासावे, मलम नंतर.

नदीचा मासा हेच सर्वोत्तम खाणे, पण कच्च्या माशातून पट्टाकृमी येतो. मासा उणे २० अंशांवर सलग सात दिवस गोठलेला असेल तर अळ्या मरतात. चेर्स्कीत डिसेंबरात हे आपोआप होते, सप्टेंबरच्या माशात होत नाही. शरद ऋतूतला ताजा मासा म्हणूनच उकडून द्यावा. रेनडिअर कापल्यावर यकृत आणि फुप्फुसे कुत्र्यांपुढे टाकण्याची सवय मोडणे अवघड जाते, पण मोडलीच पाहिजे. त्यातल्या गाठींतून कुत्र्याच्या आतड्यात एकायनोकॉकस हा छोटा पट्टाकृमी वाढतो आणि कुत्र्याच्या केसांवरून मुलांच्या हातात जातो. किलोमागे पाच मिलिग्रॅम प्राझिक्वांटेल हे नेहमीचे प्रमाण आहे. औषध दिल्यानंतरचे दोन-तीन दिवस कुत्रा बांधून ठेवावा आणि विष्ठा जाळावी.

साथ

व्रांगेल यांच्याच काळात कोलिमा, याना, इंदिगिर्का या नद्यांवर कुत्र्यांची साथ आली. एका युकागीर कुटुंबाच्या वीस कुत्र्यांपैकी दोनच वाचली, तीही डोळे न उघडलेली पिल्ले. त्या घरच्या बाईने स्वतःच्या बाळाबरोबर त्यांना अंगावर पाजले आणि त्या दोघांपासून पुढची कुत्री झाली. दुसरीकडे कुत्री मेल्याने लोकांना जळणाची लाकडे स्वतः ओढावी लागली आणि मासेमारीच्या जागा गाठता आल्या नाहीत. कुत्र्यांची साथ म्हणजे माणसांचा दुष्काळ, असा तो काळ होता.

आज त्या जागी डिस्टेंपर, पार्वो आणि रेबीज हे विषाणूजन्य रोग आहेत. रेबीजचा साठा टुंड्रातल्या ध्रुवीय कोल्ह्यांत असतो आणि तो वस्तीपर्यंत येतो. पिल्लाला सहाव्या ते आठव्या आठवड्यात पहिली लस, मग दर तीन-चार आठवड्यांनी, शेवटचा डोस सोळा आठवड्यांनंतर, आणि रेबीज बारा आठवड्यांनंतर. लस २ ते ८ अंशांत ठेवायची असते. आपल्याकडे ती उन्हाने बिघडते, तिथे ती थंडीने बिघडते. रेबीजची मृत विषाणूची लस एकदा गोठली की वितळून पुन्हा द्रव दिसते, पण तिचे काम संपलेले असते. बाहेरून काही कळत नाही. गोठल्याची खूण दाखवणारी पट्टी पेटीत नसेल तर ती खेप वापरू नये. विमानतळापासून वाडीपर्यंत लसीची पेटी स्नोमोबाइलच्या मागच्या गाडीत न टाकता अंगरख्याच्या आत न्यावी.

साथीचा खरा बचाव मात्र विभागणीत आहे. शंभर उत्तम कुत्री एका केंद्रात असण्यापेक्षा वीस-वीस पाच नद्यांवर असणे केव्हाही बरे. एका आठवड्याच्या पार्वोत एका केंद्राचा पिल्लांचा संपूर्ण हंगाम जाऊ शकतो. निवडक नरांचे वीर्य उणे १९६ अंशांवर द्रव नायट्रोजनमध्ये राखता येते आणि ते राखावेच, पण त्यासाठी नर शहरात आणावा लागतो. टाकीत ओळ शिल्लक राहते, गाडी ओढण्याची परंपरा शिल्लक राहत नाही.

काम

शेवटी कुत्रा ज्या कामासाठी घडला ते काम नसेल तर निवडीची कसोटीच जाते. पिल्लू चार-पाच महिन्यांचे असताना गाडीमागे मोकळे धावते, सात-आठ महिन्यांनी हलका पट्टा म्हणजे अलीक अंगावर येतो आणि अनुभवी कुत्र्याच्या जोडीला लागते. वर्ष-दीड वर्षाच्या आत पूर्ण ओझे देऊ नये, कारण खांदे आणि पुढचे सांधे अजून पक्के नसतात. घाई केलेला कुत्रा दोन हंगाम चांगला ओढतो आणि तिसऱ्यात लंगडतो. उत्तर याकुतियात कुत्री मधल्या लांब दोराला, म्हणजे पोत्यागला, जोडीने बांधतात. चालक म्हणजे कायूर लोखंडी टोकाच्या ओस्तोल नावाच्या काठीने गाडीला लगाम घालतो. ओस्तोल नीट वापरता न येणारा नवखा कायूर उतारावर मागच्या जोडीवर गाडी घालतो आणि एकदा असे झालेला कुत्रा पुढे उतार दिसला की थबकतो. कुत्री वाचवायची तर कायूरही तयार करावा लागतो, हे योजनांच्या कागदांत बहुधा राहून जाते.

स्नोमोबाइलशी स्पर्धा करायची गरज नाही. पातळ बर्फावर कुत्र्यांची गाडी जाते, यंत्र बुडते. उणे पन्नासला यंत्र बंद पडले तर माणूस अडकतो, कुत्री घरी आणतात. जवळच्या जाळ्यांची फेरी, कोल्ह्यांचे सापळे, शाळकरी मुलांच्या शर्यती, पाहुण्यांना फिरवणे यांतून बारा नाही तरी सहा-सात कुत्र्यांचे काम निघते. शेजारच्या चुकोत्कात १९९१ पासूनची ‘नादेझ्दा’ आणि कामचात्कात १९९० पासूनची ‘बेरिंगिया’ या शर्यतींनी हेच दाखवले. शर्यतीच्या निमित्ताने घरोघरी गाड्या पुन्हा बांधल्या गेल्या. त्यातही एक पथ्य आहे. शर्यत फक्त वेगाची ठेवली तर लोक बाहेरून शिकारी रक्ताची वेगवान कुत्री आणून संकर करतात. टप्पे लांब, मुक्काम उघड्यावर आणि गाडीवर ठरावीक वजन, असे नियम असले की स्थानिक कुत्राच पुढे राहतो.

पैशांचे वाटपही याच हिशेबाने व्हावे. अनुदान केंद्राला कुत्र्यामागे देण्यापेक्षा वाडीवरच्या कुटुंबाला हिवाळ्याच्या माशांच्या रूपात द्यावे, म्हणजे कुत्र्यांसाठी वेगळा मासेमारीचा कोटा ठेवावा. सहा कुत्र्यांना दिवसाला साठ र्यापुश्का धरले तर आठ महिन्यांचे १४,४०० मासे होतात. अट एवढीच ठेवावी की घरात किमान एक न खच्ची केलेला, नोंदलेला नर असला पाहिजे आणि मार्चअखेर सगळी कुत्री पट्ट्यात जुंपून दाखवली पाहिजेत. असा कोटा घेणारी वीस घरे जिल्ह्यात उभी राहिली, तर वर मांडलेल्या सूत्रातले वीस नर तिथेच मिळतात.